पैसा कुठं अडकलाय? कंपनीचं रोकड चक्र मोजायची रीत

डिचोलीच्या बाजूला काजूचा कारखाना चालवणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. मे महिन्यात त्यांना फोन केला की ते हमखास वैतागलेले सापडतात. गोदामात बियांची पोती छताला टेकलेली, बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा, काठोकाठ वापरलेली आणि दारात रोख पैसे मागणारे बागायतदार. तेच गृहस्थ चतुर्थीनंतर भेटले तर स्वतः चहा पाजतात. कारखाना तोच, वर्षाचा नफाही साधारण तोच. मेमध्ये त्यांचा पैसा पोत्यांत असतो आणि चतुर्थीनंतर तो खात्यावर परत यायला लागतो, एवढाच काय तो फरक.

पैशाचा माल होतो, मालाची उधारी होते, उधारीचा पुन्हा पैसा होतो. ही फेरी किती दिवसांत पुरी होते ते मोजणं म्हणजे कॅश कन्व्हर्जन सायकल, आपण रोकड चक्र म्हणू. नव्यानं शेअर अभ्यासायला लागलेले, सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारे किंवा बँकेत कर्जाच्या टेबलावर नुकतेच बसलेले, अशांसाठी हे लिहितोय. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आकडे गोळा करा, पण तयार आकडे उचलू नका

कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध असेल तर वार्षिक अहवाल बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर फुकट मिळतो. ताळेबंदातून तीन आकडे लागतात: इन्व्हेंटरीज म्हणजे साठा, ट्रेड रिसीव्हेबल्स म्हणजे ग्राहकांकडून येणं आणि ट्रेड पेयेबल्स म्हणजे पुरवठादारांचं देणं. तिन्ही आकडे या वर्षाचे आणि गेल्या वर्षाचे घ्या, कारण सरासरी काढायची आहे.

नफा-तोटा पत्रकातून विक्री घ्या. ती सोपी. विकलेल्या मालाचा खर्च मात्र आपल्याकडच्या पत्रकात एका ओळीत मिळत नाही. ‘कॉस्ट ऑफ मटेरियल्स कन्झ्यूम्ड’, ‘परचेसेस ऑफ स्टॉक-इन-ट्रेड’ आणि ‘चेंजेस इन इन्व्हेंटरीज’ या तीन ओळींची बेरीज करावी लागते. हिशेबांना जोडलेल्या टिपांमधून कारखान्याची मजुरी, वीज, इंधन वेगळं काढता आलं तर तेही त्यात धरा. शेअरची माहिती देणाऱ्या साइटी इथं आपापल्या सोयीनं वागतात. कुणी खर्चाऐवजी विक्रीच धरतो, कुणी सरासरीऐवजी वर्षअखेरचा आकडा. म्हणून एकाच कंपनीचं चक्र एका ठिकाणी ९० दिवस आणि दुसऱ्या ठिकाणी ११५ दिवस दिसू शकतं. कुठलीही एक पद्धत घ्या, पण पाहाल त्या प्रत्येक वर्षाला आणि शेजारच्या कंपनीलाही तीच लावा.

तीन भागाकार

काजूच्या कारखान्याचंच उदाहरण घेऊ. आकडे माझे, समजायला सोपे केलेले. वर्षाची विक्री ७ कोटी ३० लाख, म्हणजे दिवसाला २ लाख. विकलेल्या मालाचा खर्च ५ कोटी ८४ लाख, म्हणजे दिवसाला १ लाख ६० हजार.

साठा वर्षाच्या सुरुवातीला १ कोटी ८० लाख, अखेरीला २ कोटी ४ लाख. सरासरी १ कोटी ९२ लाख. त्याला दिवसाच्या खर्चानं भागा: १२० दिवस. बी आत आल्यापासून काजूगर बाहेर पडेपर्यंत सरासरी चार महिने.

येणं ८० लाखांचं १ कोटी झालं. सरासरी ९० लाख. इथं भागायचं दिवसाच्या विक्रीनं, कारण उधारीत नफाही धरलेला असतो: ४५ दिवस.

देणं २२ लाखांचं २६ लाख झालं; सरासरी २४ लाख. पुन्हा दिवसाच्या खर्चानं भागा: १५ दिवस. बी विकणारा बागायतदार उधार देत नाही. थोडीफार उधारी मिळते ती डबे, पिशव्या, वाहतूक यांची.

साठ्याचे १२० अधिक उधारीचे ४५, वजा देण्याचे १५. रोकड चक्र १५० दिवसांचं.

साठा, येणं आणि देणं यांच्या दिवसांना इंग्रजी पुस्तकांत अनुक्रमे डीआयओ, डीएसओ आणि डीपीओ म्हणतात. वार्षिक अहवालात मात्र दिवसांऐवजी ‘टर्नओव्हर रेशो’ छापलेला असतो. ३६५ ला त्यानं भागलं की दिवस मिळतात. हे रेशो छापणं २०२१ पासून कंपन्यांना बंधनकारक आहे आणि एखाद्या रेशोत २५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कारणही द्यावं लागतं. ती कारणं वाचा. बहुतेक ठिकाणी ‘विक्री वाढल्यामुळे’ एवढंच असतं, पण क्वचित एखादा प्रामाणिक अकाउंटंट खरं लिहून जातो.

दिवसांचे रुपये करा

१५० दिवस ऐकून कुणाच्या पोटात गोळा येत नाही. रुपये केले की येतो. साठा १ कोटी ९२ लाख, अधिक येणं ९० लाख, वजा देणं २४ लाख: २ कोटी ५८ लाख कायमचे अडकलेले. दहा टक्के व्याजानं वर्षाला २५ लाख ८० हजार. या कारखान्याचा निव्वळ नफा विक्रीच्या चार टक्के धरला तर तो २९ लाखांच्या आसपास. म्हणजे मालक जितकं कमावतो, जवळजवळ तितकंच पैसा अडकण्याची किंमत म्हणून जातं.

आता विक्रीशी ताडून पाहा. ७ कोटी ३० लाखांच्या विक्रीला २ कोटी ५८ लाख, म्हणजे रुपयामागे ३५ पैसे. पुढच्या वर्षी विक्री २० टक्क्यांनी वाढवायची तर आणखी ५१ लाख ६० हजार आधी ओतावे लागतील, आणि नफा आहे २९ लाख. वाढणारी, नफ्यात असलेली कंपनी पगाराला पैसे नाहीत म्हणून धावपळ करते ती यामुळे. माझ्या मते रुपयामागचे हे पैसे काढणं चक्राच्या दिवसांइतकंच महत्त्वाचं आहे. पाच वर्षांत ३५ चे ४२ झाले असतील तर विक्रीची वाढ कितीही देखणी असो, ती उधारीवर विकत घेतलेली असण्याची शक्यता मोठी.

उलट बाजूही रुपयांत मांडा. वसुली दहा दिवसांनी सुधारली तर २० लाख मोकळे होतात, साठा दहा दिवसांनी उतरला तर १६ लाख. कुठल्या दिवसाची किंमत किती, हे कळल्याशिवाय मालकाला सल्ला द्यायला जाऊ नका.

३१ मार्चचा फोटो

आपल्याकडे ताळेबंद ३१ मार्चचा असतो. गोव्यात काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे. म्हणजे फोटो काढला जातो तेव्हा खरेदी नुकतीच सुरू झालेली असते; गोदाम भरतं ते मेअखेर. या कारखान्याचा साठा फेब्रुवारीअखेर ६० लाख, ३१ मार्चला २ कोटी ४ लाख आणि मेअखेर ४ कोटी ४० लाख असेल, तर सुरुवात आणि शेवट यांची सरासरी काहीच सांगत नाही. बाराही महिनाअखेरांची सरासरी घेतली तर ती २ कोटी ४० लाखांच्या आसपास येते. मग साठ्याचे दिवस १२० नसून १५०, आणि चक्र १८०.

त्यामुळे हंगामी धंद्यात महिन्याचे आकडे मागा. लहान उद्योग बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो, त्याच्या प्रती असतात. सूचीबद्ध कंपनीचा ३० सप्टेंबरचा ताळेबंद सहामाही निकालासोबत जाहीर होतो. तो धरला तर निदान तीन बिंदू मिळतात. दोन बिंदूंपेक्षा बरे.

बँकेत नव्यानं बसलेल्यांनी इथं थोडं थांबावं. लहान उद्योगाला खेळत्या भांडवलाची पाच कोटींपर्यंतची मर्यादा देताना अंदाजित उलाढालीच्या २० टक्के हा रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीचा हिशेब वापरतात. त्या हिशेबाच्या पोटात चक्र तीन महिन्यांचं आहे असं गृहीत धरलेलं आहे. आपल्या काजूवाल्याला त्यानुसार १ कोटी ४६ लाख मिळतील, आणि त्याचा मेअखेरचा साठाच ४ कोटी ४० लाखांचा. तो चिडतो ते उगीच नाही. हा २० टक्क्यांचा आकडा किमान आहे; चक्र लांब असेल तर तसं दाखवून जास्त मागता येतं. पण दाखवणार कोण? ज्याला चक्र मोजता येतं तो.

मोठ्या कंपनीलाही फोटोची ही अडचण सुटत नाही. गोवा कार्बनसारखी कंपनी कच्चा पेट्रोलियम कोक जहाजानं आणते. जहाज २८ मार्चला लागलं की ३ एप्रिलला, एवढ्यावर वर्षअखेरचा साठा आणि देणं दोन्ही हलतात. अशा धंद्यात एका वर्षाच्या आकड्यावरून व्यवस्थापनाची पाठ थोपटू नये की कान पिळू नये.

साठ्याबद्दल अजून एक. हा भागाकार साठा विकला जाणार असं धरून चालतो. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा उत्खनन झालेलं खनिज जागच्या जागी पडून राहिलं आणि त्याचा ई-लिलाव सुरू व्हायला २०१४ उजाडलं. आज ९० दिवसांचा दिसणारा साठा एका आदेशानं वर्षानुवर्षांचा होऊ शकतो. सरकारी परवानगीवर चालणाऱ्या धंद्यात हे लक्षात असू द्या.

देणं लांबवणं म्हणजे हुशारी?

सूत्रात देण्याचे दिवस वजा होतात, त्यामुळे नवखा माणूस पटकन म्हणतो, पुरवठादाराला उशिरा पैसे दिले की चक्र सुधारलं. मीही सुरुवातीला असंच म्हणायचो. मग कुंडईतल्या एका छोट्या वर्कशॉपचे हिशेब पाहायला बसलो. ज्या मोठ्या कंपनीच्या लांबलेल्या देण्याचं कौतुक मी एका टिपणात केलं होतं, तिचीच बिलं या वर्कशॉपच्या येण्यात १२० दिवसांपासून पडलेली होती. एकाचे देण्याचे दिवस म्हणजे दुसऱ्याचे वसुलीचे दिवस. हे पुस्तकात वाचलं होतं. दिसलं त्या दिवशी.

कायद्याचीही मर्यादा आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही चाप बसला: अशा पुरवठादाराचं मुदतीत न दिलेलं देणं त्या वर्षी खर्च म्हणून वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळतं. म्हणून ट्रेड पेयेबल्सच्या टिपेत एमएसएमईंची ओळ वेगळी असते, ती पाहा. तिथं एक वर्षावरचं देणं दिसलं तर एक तर वाद आहे किंवा पैसे नाहीत.

शिवाय उधारी फुकट नसते. ३० दिवस आधी पैसे दिले तर पुरवठादार दोन टक्के सूट देत असेल, तर ती सूट सोडणं म्हणजे वर्षाला साधारण २४ टक्क्यांनी पैसे उसने घेणं. डीमार्ट चालवणारी ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स पुरवठादारांना लवकर पैसे देऊन भाव पाडून घेते. तिचे देण्याचे दिवस कमी आहेत म्हणून तिला नापास करणारा विश्लेषक सूत्र पाठ केलेला असतो, धंदा समजलेला नसतो.

चक्र उणे असेल तर

कळंगुटचं एखादं हॉटेल घ्या. डिसेंबरच्या खोल्यांचे पैसे ऑक्टोबरात येतात. साठा म्हणजे स्वयंपाकघरातला माल आणि बारमधल्या बाटल्या. मासळीवाला, भाजीवाला, लाँड्रीवाला यांची बिलं महिनाअखेर. चक्र सहज उणे येतं; म्हणजे धंदा दुसऱ्यांच्या पैशावर चालतोय. साबण-बिस्किटांच्या बड्या कंपन्यांतही असं दिसतं, आणि तिथं ते ताकदीचं लक्षण असतं: वितरक लगेच पैसे देतो, पुरवठादार थांबतो.

पण हॉटेलात जून उजाडतो. खोल्या रिकाम्या, आगाऊ पैसे येणं बंद, आणि मेची बिलं मात्र दारात. उणे चक्र विक्री वाढताना पैसा देतं आणि विक्री घसरताना तेवढाच पैसा परत मागतं. हंगामात आलेले आगाऊ पैसे नव्या स्विमिंग पूलमध्ये घातलेला मालक पावसाळ्यात व्याजानं पैसे शोधतो. त्यामुळे उणे चक्राच्या कंपनीत ‘ॲडव्हान्स फ्रॉम कस्टमर्स’ किती आणि हातात रोकड किती, हे शेजारी शेजारी लिहा.

जिथं पाय घसरतो

जीएसटीपासून सुरू करू. येण्याच्या आकड्यात जीएसटी असतो, विक्रीच्या आकड्यात नसतो. १८ टक्क्यांच्या मालात खरी उधारी ४५ दिवसांची असेल तर हिशेबात ५३ दिसते. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्या ताडताना हा दोष दोघींत सारखा असतो, म्हणून फार बिघडत नाही. निर्यात करणारी आणि देशात विकणारी यांची तुलना मात्र इथं फसते.

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक बिल डिस्काउंटिंगची. एका कंपनीचे वसुलीचे दिवस वर्षभरात ७० वरून ४८ वर आले होते. मी छान टिपण लिहिलं, वसुली विभाग सुधारला वगैरे. वरिष्ठांनी टिपण न वाचताच विचारलं, “टिपा वाचल्यास?” नव्हत्या वाचल्या. कंपनीनं ग्राहकांची बिलं बँकेला विकून पैसे आधीच उचलले होते. ग्राहक तितक्याच उशिरा पैसे देत होते, फक्त ती वाट आता बँक पाहत होती. तेव्हापासून मी संभाव्य देण्यांची टीप आणि वित्तीय खर्चाची टीप आधी वाचतो, भागाकार नंतर करतो. वसुलीचे दिवस घटले आणि वित्तीय खर्च वाढला, तर डोळे उघडे ठेवा.

याचीच उलटी बाजू देण्यात असते. ‘ॲक्सेप्टन्सेस’ नावाची ओळ दिसली तर पुरवठादाराला बँकेनं पैसे दिलेत आणि कंपनी बँकेला नंतर देणार आहे. नाव ट्रेड पेयेबल्सचं, जात कर्जाची. मी ती देण्यातून काढून एकदा आणि ठेवून एकदा, असे दोन्ही हिशेब करतो.

येण्याच्या वयाचा तक्ताही २०२१ पासून सक्तीचा आहे: सहा महिन्यांच्या आतलं, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांवरचं. सरासरी ४५ दिवस म्हणजे सगळे ४५ दिवसांत देतात असं नव्हे. बहुतेक सगळे महिन्यात देत असतील आणि एखाददुसरा तीन वर्षं देत नसेल, तरी सरासरी सभ्यच दिसते. शेवटच्या दोन रकान्यांत दरवर्षी तीच रक्कम सरकत असेल आणि तिच्यासाठी तरतूद केलेली नसेल, तर ती येण्यातून वजा करून नफाही तेवढा कमी धरा. तारण मोजताना बँका साधारण ९० दिवसांवरची उधारी धरत नाहीत. तुम्हीही तेवढे कठोर व्हायला हरकत नाही.

एकाच ग्राहकावर चालणाऱ्या कंपनीत सरासरीचा उपयोग आणखी कमी. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात भुईपालला बसच्या बॉडी बांधणारी ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा आहे. टाटा मोटर्स तिची प्रवर्तकही आणि मुख्य ग्राहकही. अशा ठिकाणी वसुलीचे दिवस हे बाजाराचं नव्हे, त्या एका नात्याचं मोजमाप असतं. ‘रिलेटेड पार्टी’ची टीप उघडून संबंधित कंपनीकडून येणं आणि तिचं देणं वेगळं काढा, मग उरलेल्याचे दिवस मोजा.

शेवटी एक पडताळा रोकड प्रवाह पत्रकाशी. ‘चेंजेस इन वर्किंग कॅपिटल’खालच्या ओळी पाच वर्षं सलग लिहून काढा. ताळेबंदावरून तुम्ही म्हणताय वसुली सुधारली, आणि इथं येण्यापायी दरवर्षी पैसा बाहेर जाताना दिसतोय, तर दोन्हीपैकी एक वाचायला तुम्ही चुकलाय. फक्त एक सवलत द्या: विक्री जोरात वाढत असेल तर दिवस कमी होऊनही रक्कम वाढू शकते.

आणि लेखापरीक्षकाच्या अहवालाला जोडलेलं कारोचं, म्हणजे लेखापरीक्षकानं काय काय सांगायचं ते ठरवणाऱ्या सरकारी आदेशाचं, परिशिष्ट. ते शेवटी असतं, बारीक टायपात, म्हणून कुणी वाचत नाही. बँकेकडून पाच कोटींहून जास्त खेळत्या भांडवलाची मर्यादा घेतलेल्या कंपनीनं बँकेला दिलेली तिमाही विवरणं वह्यांशी जुळतात का, हे तिथं लेखापरीक्षकाला सांगावं लागतं. ‘जुळतात’ असं एक वाक्य असेल तर पुढं चला. पण तिथं चार तिमाहींचा तक्ता दिसला, बँकेला सांगितलेला साठा एका रकान्यात आणि वह्यांतला साठा दुसऱ्यात, आणि दोन्हींत कोटींचा फरक, तर आतापर्यंत काढलेले दिवस बाजूला ठेवा आणि त्या तक्त्यापासून पुन्हा सुरुवात करा.